आमच्याकडे पोळा भादव्यात

अण्णा, तुमची ट्रंक मी जाळली नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला तुम्ही कागद चिकटवून ठेवलात, 'माझ्यामागे हे सर्व न वाचता जाळावे', खाली सही आणि सहीखाली दोन रेघा. दोन रेघा ओढल्या की पोरं ऐकतात असं तुम्हाला जन्मभर वाटत आलं. दादाने कदाचित ऐकलंही असतं. पण ओतूरचं घर माझ्या वाट्याला आलं आणि ट्रंक घरात होती, त्यामुळे तीही माझ्याच वाट्याला आली. तीस वर्षं मी जुन्नरच्या कोर्टात नक्कल विभागात बसले. लोकांच्या जबान्या, निकाल, वाटणीपत्रं, एकेक ओळ मुळाशी ताडून बघायची आणि खाली लिहायचं, अस्सलबरहुकूम नक्कल. हे काम तुम्हीच मला लावून दिलंत. मग माझ्याच बापाचे कागद मी न वाचता चुलीत घालीन, हे उलटतपासणीत मुरलेल्या माणसाला वाटलं तरी कसं?

उद्या भादव्यातली अमावस्या आहे, म्हणजे पोळा. उद्या सकाळी ट्रंकेतली काळ्या पुठ्ठ्याची वही पिशवीत घालून मी पिंपरी पेंढारच्या पुढच्या त्या वाडीला जाणार आहे. कुठली वाडी ते तुम्हाला सांगायला नको. सर्वपित्रीही उद्याच आहे, तेव्हा तुमच्या नावाचं पान मी वाढीन, पण वाडीहून आल्यावर. उशीर झाला म्हणून रागवायचं असेल तर खुशाल रागवा. तुमच्या रागाला मी बाहत्तराव्या वर्षी घाबरणार नाही. आठव्या वर्षी घाबरत होते तेवढं पुरे झालं.

पोळा म्हटलं की मला पुरणाचा वास आठवत नाही, तुमचा हात आठवतो. मी तिसरीत होते. ओढ्याकाठची काळी माती आणून मी दोन बैल केले होते. खराट्याच्या काड्यांची शिंगं, अंगावर चुन्याचे ठिपके, पाठीवर आईच्या जुन्या चोळीची झूल. एक बैल जरा लंगडा झाला होता, पण मला तोच जास्त आवडला होता. तुम्ही कोर्टातून यायच्या आत ते तुमच्या टेबलावर, फायलींच्या वर, तोंड दाराकडे करून मी मांडून ठेवले. समोर वाटीत चार शितं भात ठेवला. तुम्ही काळा कोट न काढताच आत आलात आणि दारातच थबकलात. "हे कुणी ठेवलं?" तुम्ही विचारलंत, आणि मी शाबासकी मिळणार म्हणून पुढे झाले. तुम्ही मला मारलेली ती पहिली आणि शेवटची थप्पड. मग तुम्ही दोन्ही बैल उचललेत, परसात नेलेत आणि बादलीतल्या पाण्यात सोडलेत. ते विरघळून पाणी काळं होईपर्यंत तुम्ही तिथे उभे होतात. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पोरीनं खेळ मांडला होता." त्या दिवशी तुम्ही पुरणपोळीलाही शिवला नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरावर हिरव्या अंगाचं शाईचं पेन ठेवलेलं होतं. सिंगापूरहून आणलेलं ते पेन तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हतात. त्या काळी बाप पोरीची माफी मागत नसत. पेनची निब मी दोनदा बदलली आणि त्याच पेनाने हे लिहिते आहे. त्या दिवसापासून आपल्या घरात पोळा झाला नाही. गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या, तर ती सांगायची, त्यांना बैलांची शिसारी आहे. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला बैलांची शिसारी. तेवढ्यावर त्या बायका गप्प कशा बसत होत्या कोण जाणे.

गावाच्या लेखी तुम्ही जपान्यांना फासावर चढवणारे वकील होतात. महायुद्ध संपल्यावर सिंगापुरात लष्करी कोर्टं बसली, युद्धकैद्यांवर जुलूम करणाऱ्या जपान्यांवर खटले चालले, आणि आपला एक माणूस फौजेचा गणवेश घालून तिथे होता, एवढं लोकांना पुरेसं होतं. तुम्ही कुठल्या बाजूला होतात हे कुणी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. एकदा शाळेच्या समारंभात हेडमास्तरांनी तुमची ओळख तशीच करून दिली, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले होते. तुम्ही हार गळ्यात घेतलात आणि बुटांकडे बघत बसलात. मला वाटलं, केवढा विनय.

मग एके दिवशी त्या वाडीचे, फौजेतून परतलेले शिपाईबाबा आले. मी तेव्हा आठवीत होते. खाकी कोट, बटणं सगळी तुटलेली, समोरून सुतळीने बांधलेला. चपला पायरीखाली काढून ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले. तुम्ही खुर्ची दिलीत तर घेतली नाही. मी पाणी घेऊन आले आणि दाराआड उभी राहिले, म्हणून सगळं मला ऐकू आलं.

"सायेब, तुमी मला वळखलं न्हाई, पर मी वळखलं," ते म्हणाले. "सिंगापूरच्या कोर्टाच्या पायरीवं तुमी मला सिगरेट दिल्याली. कुठला रं म्हनून इचारलं. मी वाडीचं नाव सांगितलं, तर तुमी म्हनला, मी ओतूरचा. मला लई धीर आला व्हता. म्हनलं, आत आपल्याकडचा मानूस बसल्याला हाय."

तुम्ही चष्मा काढलात आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिलात.

"तेवढं एकच इचारायला आलोय. माझ्या साक्षीत काय चुकलं? मी त्यो दिस इसरलो न्हाई. मंग मला खोटा का ठरिवला?"

"तुमचं काही चुकलं नाही," तुम्ही म्हणालात. "कधी कधी साक्ष पुरी पडत नाही. कोर्टाचं असं असतं. जुनी गोष्ट झाली, चहा घ्या."

त्यांनी बशीत ओतून चहा घेतला. जाताना फडक्यात बांधलेले पायलीभर हुलगे पायरीवर ठेवून गेले. तुम्ही आईला म्हणालात, हे आपल्या घरात शिजवायचे नाहीत, आणि तिने ते शेजारी देऊन टाकले. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी ते येत राहिले. त्यांचा कोट कोपऱ्यावर दिसला की तुम्ही आतल्या खोलीत जाऊन खुर्चीत बसायचात, आणि मला सांगायचात, म्हणावं घरी नाहीत. मी दारात उभी राहून म्हणायचे, "अण्णा घरी नाहीत, बाबा." ते म्हणायचे, "बरं, पोरी." पाचव्या-सहाव्या खेपेला तर त्यांनी विचारलंच नाही, हुलगे ठेवले आणि गेले. खोटं बोलायला मी अशी शिकले, अण्णा, आणि शिकवणारे तुम्ही आत बसून ऐकत होतात.

आता इतक्या वर्षांनी हे का काढलं, तर ते दादामुळे. आपल्या वाचनालयात तुमचा फोटो लावायचं ठरलं आहे. दादाने पुण्याला बसून एक पत्रक छापून घेतलं, युद्धगुन्हेगारांना शासन घडवणारे आपल्या मातीतले वकील, त्यांचे कागदपत्र लवकरच वाचनालयास भेट. पत्रक एस.टी. स्टँडवर, पतपेढीत, दुकानादुकानांतून गेलं. गेल्या आठवड्यात दारात एक बाई उभी. साठीच्या पुढची, डोक्यावर पदर, हातात त्या पत्रकाची चार घड्यांची पुडी. म्हणाली, "ताई, मी शिपाईबाबांची सून. ह्ये वकीलसायबांचे कागद म्हनत्यात, त्यात आमच्या मामांजींचं काय हाय का?"

मी तिला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि चहा ठेवला. चहाला उकळी येईपर्यंत ती सांगत होती. तिचे सासरे आणि वाडीतल्या वरच्या आळीतला त्यांचा जोडीदार एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत गेले आणि सिंगापूर पडल्यावर एकाच छावणीत कैद झाले. दोघं मिळून चंद्र मोजायचे, म्हणजे घरी आज कुठला सण असेल ते कळायचं. पोळ्याच्या दिवशी दोघांनी छावणीतल्या चिखलाचे दोन बैल केले, मूठभर भात वाट्याला आला होता त्यातली शितं पुढे ठेवली आणि हात जोडले. एका पहारेकऱ्याने ते बघितलं. बैल बुटाखाली तुडवले आणि जोडीदाराला बंदुकीच्या दस्त्याने मारलं. तो तिसऱ्या दिवशी गेला. लढाई संपल्यावर शिपाईबाबांनी कोर्टात उभं राहून हे सगळं सांगितलं आणि ते बोटीने घरी आले. मागाहून एक सुभेदार रजेवर आला, त्याने वाडीत सांगितलं की ह्याची साक्ष कोर्टाने खोटी धरली आणि तो पहारेकरी सुटला.

"तवापासनं वरच्या आळीचं म्हननं एकच," सून म्हणाली. "कोर्टानं खोटं म्हनलं, तर मंग आमचा मानूस मेला कशानं? ह्यानंच त्याच्या वाटचा भात खाल्ला आसंल, आन वरून गोष्टी रचतोय."

"मग?"

"मंग काय, ताई. आमच्याकडं पोळ्याला परत्येक घरची पोळी वाडीतल्या सगळ्या बैलांना जाती. आमची पोळी त्यांच्या दारात चालत न्हाई. मामांजी दरसाल ताट घिऊन जायाचे, फाटकाभाईर उभं ऱ्हायाचे, आन ताट तसंच मागं घिऊन यायाचे. मरस्तवर गेले. आता मी जाते. वाडीत समद्यांचे टॅक्टर झाले, बैलजोडी एकच उरली, तीबी त्यांचीच. फाटक काय उघडत न्हाई."

मी तिला म्हटलं, बघते आणि कळवते. तशी ती लगेच उठली आणि कप विसळून पालथा घालून गेली.

आता वहीचं बोलू, अण्णा. ट्रंकेत साक्षींच्या कार्बन प्रती आहेत, तो कोर्टाच्या हॉलचा फोटो आहे, गणवेशाची बटणं आहेत, आणि जपानी वकिलाने मायदेशी गेल्यावर तुम्हाला पाठवलेलं पत्र आहे. त्यात त्याने तुमच्या न्यायबुद्धीचे आभार मानलेत. म्हणजे तुम्ही बचावाच्या बाजूला होतात. आरोपींसाठी जपानहून आलेल्या वकिलाला आपल्या कोर्टाची रीत समजावून सांगायला जो अधिकारी देतात, तो तुम्ही. ह्याची मला लाज वाटत नाही. कुणीतरी त्या बाजूला बसायलाच हवं होतं, आणि तुम्ही ते काम मनापासून केलंत हे पानोपानी दिसतं.

पण त्या वहीतला तो दिवस. तुमचं अक्षर इंग्रजी, बारीक, उजवीकडे कललेलं. शिपाईबाबा पिंजऱ्यात उभे आहेत. सरकारी वकील विचारतो, मारहाण कुठल्या दिवशी झाली? ते सांगतात, पोळ्याच्या दिवशी, अमावस्येला. कोर्टाला पोळा म्हणजे काय ते माहीत नाही. दुभाष्या वऱ्हाडकडचा आहे. तो उभा राहून सांगतो, पोळा म्हणजे बैलांचा सण, श्रावण महिन्याच्या अमावस्येला येतो, आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कुणीतरी बाजारातल्या व्यापाऱ्याकडून पंचांग आणतं. तारीख निघते. जपानी वकील शांतपणे एक हुकूम पुढे करतो, ह्या पहारेकऱ्याची छावणीवर बदली झाली ती त्या तारखेनंतर पंधरा दिवसांनी. कोर्ट साक्षीदाराला विचारतं, तू म्हणतोस ते पोळ्याच्याच दिवशी घडलं हे नक्की? ते म्हणतात, होय, पोळ्याच्याच दिवशी. कोर्ट पुन्हा विचारतं, ते पुन्हा तेच सांगतात. त्यांना बाहेर नेतात. त्यांच्यासमोर झालेलं तारखांचं सगळं बोलणं इंग्रजीत होतं, त्यामुळे आपण नक्की कुठे खोटे ठरलो हे त्यांना कधीच कळलं नाही.

आणि त्या पानाच्या समासात, सगळ्या इंग्रजीत, एकच ओळ मराठीत. 'आमच्याकडे पोळा भादव्यात. कोणी विचारले नाही.'

आपल्या जुन्नर-आंबेगावात कितीतरी गावं महिना उशिरा पोळा करतात, हे तुम्हाला माहीत होतं. आदल्या दिवशी पायरीवर सिगरेट देताना तुम्ही त्यांना वाडीही विचारली होती. भादव्यातल्या अमावस्येपर्यंत तो पहारेकरी छावणीवर येऊन दोन आठवडे झाले होते. हॉलमध्ये इतकी माणसं बसली होती, त्यांत ही गोष्ट फक्त तुम्हाला ठाऊक होती.

तुमचं उत्तर मला पाठ आहे, ते तुम्ही सांगायलाही नको. बचावाच्या माणसाने फिर्यादीचा पुरावा दुरुस्त करून द्यायचा नसतो. द्यायला लागला तर कुठल्याच आरोपीने कुठल्याच वकिलावर विश्वास टाकू नये. मान्य. मी कोर्टातच वाढले आहे, मला हे समजावून घ्यायला वर्षं लागली नाहीत. त्या दिवशी, त्या हॉलमध्ये, तुम्ही गप्प बसलात त्याबद्दल मी तुम्हाला एक शब्दही बोलणार नाही. उठून बोलला असतात तर कदाचित एक माणूस फासावर गेला असता, आणि तो तुमच्या भरवशावर बसलेला होता. पण निकाल लागला, कोर्ट उठलं, तुम्ही गणवेश उतरवलात. पुढे ओसरीवर बसून तो माणूस विचारत होता, माझं काय चुकलं? तिथे तुम्ही कुणाचे वकील होतात? तुमचा अशील जपानात जाऊन मोकळा झाला होता. 'बाबा, तुमचा पोळा आणि त्यांचा पोळा वेगळा, एवढंच झालं', इतकं वाक्य पुरलं असतं. त्याने कुणाला फाशी होणार नव्हती. फार तर तुमच्या गळ्यातला हार उतरला असता, आणि तेवढ्यासाठी तुम्ही त्या माणसाला जन्मभर एका फाटकाबाहेर ताट घेऊन उभं केलंत. मला ह्याचा राग येतो, अण्णा. तुम्ही समोर असतात तरी मी हे बोलले असते असं मी स्वतःला सांगते.

दादाला मी फोन केला. वही वाडीला देणार असं सांगितलं. तो म्हणाला, "फोटोचा कार्यक्रम होऊ दे आधी. आणि वाचनालयाला देतानाही ते एक पान काढून घे. एक पान गेल्याने कुणाचं काय बिघडतं?" मी म्हटलं, तीस वर्षांत मी एक ओळ गाळली नाही, आता पान गाळू? तो म्हणाला, "तो बाप आहे आपला." मी म्हटलं, म्हणूनच. तो म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, शिपाईबाबांना लोक काय म्हणत होते ते विचारून ये. त्याने फोन ठेवला. पत्रकात माझं नाव घातलं नव्हतं, ते आता बरंच झालं.

आज दिवसभर बसून मी त्या वहीची नक्कल केली. तुमच्या खाडाखोडीसकट, समासासकट, जिथे शाई पडली आहे तिथे कंसात 'शाईचा डाग' असं लिहून. खाली लिहिलं, अस्सलबरहुकूम नक्कल, आणि सही केली. सहीखाली दोन रेघा ओढल्या, त्या मलाही ओढता येतात. नक्कल ट्रंकेत राहील, अस्सल वाडीला जाईल. वाचनालयाला काय द्यायचं ते दादा आणि वाचनालय बघून घेतील.

हे पत्र काल इथेच थांबवलं होतं. आज वाडीहून परत आले, तुमचं पान वाढलं, आणि आता पुढचं लिहिते.

सून मला वाडीच्या फाट्यावर घ्यायला आली होती. तिने ताट आधीच भरून ठेवलं होतं. पाच पोळ्या, वर तुपाची धार. आम्ही दोघी वरच्या आळीला गेलो. फाटकाआड बैलजोडी उभी होती, शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरं, आणि त्यांच्या शेजारी फुगे बांधलेला ट्रॅक्टर. मेलेल्या जोडीदाराचा पुतण्या फाटकाला लागूनच खाटेवर बसला होता. तोही आता ऐंशीच्या घरातला आहे. सुनेकडे त्याने बघितलं नाही. मी फाटकाबाहेरूनच सांगितलं, मी ओतूरच्या वकिलांची मुलगी, एक वही वाचून दाखवायला आले आहे. मग उभ्या उभ्या ते पान मराठी करून वाचलं. पंचांगाशी आले तेव्हा आळीतली चार-पाच माणसं गोळा झाली होती. समासातली ओळ वाचली आणि वही उलटी धरून त्याला अक्षर दाखवलं.

त्याने फाटकावरून हात काढून त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "म्हंजे त्यानं खरं सांगितलं व्हतं."

"खरं सांगितलं होतं."

"ह्ये लिवलंय कुनी?"

"माझ्या वडिलांनी."

"मंग वकीलसायबांनी तवाच का न्हाई सांगितलं?"

मी म्हटलं, ते दुसऱ्या बाजूचे वकील होते, कोर्टात त्यांना बोलता येत नव्हतं.

"आन कोर्ट सपल्यावं?"

मी वही मिटली. काल तुम्हाला एवढं ऐकवलं होतं, पण त्याच्यापुढे मला तुमच्या वतीने एक वाक्य सुचलं नाही. मग तो खाटेवरून उठला, गुडघ्यावर हात ठेवून, आणि स्वतः येऊन फाटकाची कडी काढली. सुनेला म्हणाला, "आन गं ती पोळी." पहिली पोळी तिच्या हातातून खाली पडली. बैलाने ती जमिनीवरूनच उचलली. म्हातारा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता आणि रडत होता, आणि कुणी त्याला उगी राहा म्हटलं नाही.

वही मी सुनेच्या हातात दिली. फाट्यापर्यंत ती माझा हात धरून चालत आली. एस.टी. दिसू लागल्यावर तिने विचारलं, "ताई, ही वही तुमाला कवा घावली?"

मी म्हटलं, "आत्ताच. फोटोच्या निमित्ताने ट्रंक उघडली, तेव्हा."

"मामांजी आसते तर," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

हे पत्र मी कुठे पाठवणार, नकलेच्या खाली ट्रंकेतच ठेवणार आहे. तुमचा तो चिकटवलेला कागद मी काढलेला नाही, पण ट्रंकेला कुलूप लावणार नाही. दादाच्या पोरांनी वाचलं तर वाचू दे. त्यांना हेही कळू दे की ट्रंक मी तुमच्या तेराव्यानंतर महिनाभरातच उघडली होती. समासातली ओळ मी तेव्हाच वाचली. त्यानंतर शिपाईबाबा अकरा वर्षं जगले. त्यांतल्या एका वर्षी ते जुन्नरला, माझ्या नक्कल विभागाच्या खिडकीपाशी आले. मला ओळखलं नाही. म्हणाले, "पोरी, सिंगापूरच्या कोर्टाच्या निकालाची नक्कल मिळंल का हितं?" मी रीतसर सांगितलं, बाबा, ते कागद इथे नसतात. ते म्हणाले, "बरं, पोरी," आणि फडक्यात बांधलेले हुलगे खिडकीत ठेवून गेले. तुम्ही निदान ते घरात शिजू दिले नव्हतेत. मी ते घरी आणले, शिजवले आणि खाल्ले.